काऊबॉयच्या तंबूतला माठ

'सलून' अशी पाटी वाचून निजामपुऱ्यातले एक म्हातारे चाचा दाढी करायला आत शिरले आणि समोर आलेला सरबताचा ग्लास बघून चिडून परत फिरले, ही गोष्ट आमच्या भिवंडीत बरीच वर्षं हसत सांगितली जायची. मीही हसले आहे. त्या मेळ्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. ते आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला हसू येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला लागोपाठ तीन उन्हाळे तो मेळा आमच्याकडे लागला. अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा मोठं मोकळं मैदान होतं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर शहरात बराच काळ कुणी एवढा मोठा मेळा लावायला धजावलं नव्हतं. त्यामुळे ट्रक येऊन उभे राहिले की अर्धं गाव नुसतं सामान उतरताना बघायला जायचं. कमानीवर निवडुंग, हॅटवाले, पिस्तुलं रंगवलेली. आत गेलं की प्लायवूडचं एक आख्खं अमेरिकन गाव: बँक, तुरुंग, सलून, म्हणजे तिकडचा दारूचा अड्डा, आणि शेरीफचं, म्हणजे तिकडच्या फौजदाराचं, ऑफिस. मागे जाऊन पाहिलं तर नुसते बांबू आणि सुतळी. मेळ्याचा मॅनेजर मुंबईचा. तो छातीवर पत्र्याचा तारा लावून फिरायचा, त्यावर 'शेरीफ' लिहिलेलं. पॉवरलूमवरचे कामगार ते 'शरीफ' असंच वाचायचे. "शरीफभाई, पाळणा कब चालू होगा?" असं त्याला विचारायचे आणि तोही कधी चूक सुधारायच्या भानगडीत पडायचा नाही. शरीफ म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही?

आकाशपाळणा आणि मौत का कुआँ नेहमीचेच होते, फक्त कुआँमधल्या मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावर हॅट बांधलेली असायची. नवा होता तो बैल. लोखंडी पिंपावर गोणपाट आणि रेक्झिन शिवून त्याला शिंगं लावलेली, ते पिंप चार खांबांना दोरांनी टांगलेलं. चार तगडी पोरं चारी दोर हिसकायची आणि वर बसलेल्याने घंटा होईपर्यंत टिकायचं. तालमीतले भले भले त्यावरून मातीत पडले. शिवाय लाकडी वासराच्या गळ्यात दोरीचा फास टाकायचा खेळ होता, आणि फोटोवाल्याकडे मान घालायला भोक पाडलेला काऊबॉयचा पुठ्ठा. आमच्या घरी आप्पांचा तसा फोटो आहे. खाली कमरेला दोन पिस्तुलं आणि वर चष्मा लावलेले, कचेरीतून थेट आलेले माझे वडील.

मुख्य खेळ मात्र 'हमला'. रोज संध्याकाळी मैदानाच्या मधल्या रिंगणात. ताडपत्रीचं छप्पर लावलेली एक बैलगाडी यायची, त्यात गोऱ्या साहेबाचं कुटुंब. मग झाडीतून रेड इंडियन ओरडत यायचे आणि गाडीला वेढा घालायचे. मग काऊबॉय घोड्यांवरून येऊन टिकल्यांच्या पिस्तुलांनी सगळ्या रेड इंडियनांना ठार मारायचे. टाळ्या. घोडे आमच्याच शहरातले, टांग्यांचे. रिक्षा वाढल्यापासून टांगे बसत चालले होते, तेव्हा घोडे सहज मिळाले. पण टांग्याच्या घोड्याची सवय अशी की रस्त्यात कुणी हात वर केला की त्याने थांबायचं. प्रेक्षकांतल्या एखाद्याने उत्साहाने हात उंचावला की भरधाव आलेला काऊबॉय त्याच्यासमोर येऊन मुकाट उभा राहायचा.

पहिल्या वर्षी हे सगळं आम्ही तिकीट काढून पाहिलं. दुसऱ्या वर्षी मी कॉलेजात होते, वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसं मिळवायची, आणि मेळ्याला रिंगणातला खेळ समजावून सांगायला स्वच्छ हिंदी-मराठी बोलणारी मुलगी हवी होती. सुट्टी होती. माझा दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आयटीआय करून नोकरीची वाट बघत घरी बसलेला. मेळ्याला खेळासाठी तरुण पोरंही हवी होती. आम्ही दोघं एकत्रच गेलो. आप्पांना ते फारसं रुचलं नव्हतं. "जत्रेत काम करायला एवढं शिकवलं काय?" एवढंच ते म्हणाले.

पोरं निवडायचं काम मॅनेजरने स्वतः केलं. भर दुपारी सगळ्यांना रांगेत उभं केलं. एकेकाच्या हनुवटीखाली बोट घालून चेहरा वर करायचा, बघायचा आणि डावीकडे किंवा उजवीकडे ढकलायचा.

"तू इधर. तू उधर. तू... धूप में काला हुआ है या पहले से है?"

सगळे हसले. ज्याला विचारलं तोही हसला. मी माइकसाठी बांधलेल्या मचाणाच्या सावलीत उभी होते. काय चाललंय ते कळायला मला जरा वेळ लागला. उजळ पोरं डावीकडे जात होती, ती काऊबॉय. काळीसावळी उजवीकडे, ती रेड इंडियन.

दादाबरोबर त्याचा शाळेपासूनचा मित्र आला होता. त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलं, वडील शाळेत हेडक्लार्क. गोरापान, घारे डोळे. त्याला बघून मॅनेजर खूश झाला. "ये तो बना-बनाया अंग्रेज है." त्याला डावीकडे पाठवलं आणि दादाला उजवीकडे.

आता दादाचं सांगते. आमच्या आळीच्या तोंडाशी एक टांगेवाले चाचा राहायचे. दादा शाळेत असल्यापासून त्यांचा घोडा धुवायला कामवारी नदीवर न्यायचा आणि येताना उघड्या पाठीवर बसून यायचा. त्या अख्ख्या रांगेत घोड्यावर नीट बसता येणारा तो एकटाच होता.

"साहेब, मला घोडा चालवता येतो," दादा म्हणाला.

"अच्छा है. रेड इंडियन को भी घोड़ा देंगे. बस टाइम पे गिरने का."

मित्र हळूच म्हणाला, "मला घोड्याची भीती वाटते. याला करा ना काऊबॉय."

"डर लगता है तो पकड़ के बैठ," मॅनेजर म्हणाला आणि पुढच्या पोराकडे वळला.

मित्र डावीकडे जाऊन उभा राहिला. त्याने एवढं तरी म्हटलं, हे मी नाकारत नाही.

मला म्हणायचं भाषण तयार होतं. 'आ रहे हैं जंगल के जंगली, न घर, न कपड़ा, न तहज़ीब', असं सुरू व्हायचं. मी मॅनेजरला विचारलं, "हे जंगली कशावरून? यांच्याकडे घोडे आहेत, तंबू आहेत. कपडेही आहेत."

"मॅडम," तो समजुतीने म्हणाला, "पब्लिक को पता होना चाहिए ना, ताली किसके लिए मारनी है."

मी शब्द बदलून बघते म्हटलं, तर त्याने मान हलवली. मेळ्याच्या मालकांनी पास केलेलं भाषण आहे, म्हणाला.

पहिले काही दिवस आम्ही सगळेच मजेत होतो. रेड इंडियनांच्या अंगाला तेलात कालवलेली तांबडी काव लावायची, डोक्याला कोंबड्याची पिसं. दादा खरोखर सुंदर यायचा. झाडीतून घोडा काढून रिंगणाला पूर्ण फेरी मारायचा, लगाम सोडून. लोक बघत राहायचे. मग मित्र चार पावलं घोडा चालवत यायचा, दोन्ही हातांनी खोगीर धरून. एक हात सोडून पिस्तूल झाडायचा आणि दादा धाडकन मातीत पडायचा. उन्हाने तापलेल्या मातीत त्याने खेळ संपेपर्यंत हलायचं नाही. मेलेल्यांवर पोरं शेंगांची टरफलं फेकायची, आईसफ्रूटच्या काड्या फेकायची. त्यांना कुणी ओरडायचं नाही, कारण जंगलीच तर होते.

मग एकेक गोष्ट सुरू झाली. आधी तंबू. पोरांना कपडे बदलायला एकच तंबू होता. काव लागून काऊबॉयचे शर्ट खराब झाले, म्हणून मॅनेजरने रेड इंडियनांना बाहेर, कनातीच्या आडोशाला बदलायला सांगितलं. बरोबर होतं, शर्ट खराब होत होते. मग बाकडं. बाकड्यावर तेलाचे डाग पडले, म्हणून यांनी खाली बसायचं. तेही बरोबर, डाग पडत होते. मग वडापाव. डिशना हात लागतात म्हणून यांना कागदावर वरून टाकून द्यायचा. आणि शेवटी पाणी. तंबूत लाल मातीचा मोठा माठ होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, पाणी गारेगार. त्याच्या कडेला काव लागायला लागली. म्हणून रेड इंडियनांसाठी बाहेर उन्हात एक प्लास्टिकचं पिंप ठेवलं आणि त्याला साखळीने एक डबा बांधला.

प्रत्येक गोष्टीला कारण होतं. हेच मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही. कुणी येऊन शिवी दिली असती तर आम्हाला लगेच कळलं असतं. इथे कारण आधी यायचं आणि आम्ही मान डोलवायचो, की हो, काव लागते खरी. मॅनेजरला आमची जात ठाऊक नव्हती, हे मी त्याच्या बाजूने धरायला तयार आहे. उजवीकडच्या पोरांत आमच्या वस्तीतली बरीच होती, पण लूमवरची दोन मुसलमान पोरं होती, पूर्णा गावचा एक आगरी होता. त्याने रंग बघून वेगळं काढलं होतं. पण एकदा माणसं वेगळी काढली की पुढे काय करायचं, ते त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. तंबू, बाकडं, ताट, पाणी. अगदी त्याच क्रमाने. जसं काही ते हवेतच होतं आणि त्याने नुसता श्वास घेतला.

मी दादाला घरी म्हटलं, "ते पिंपाचं तुला काही वाटत नाही?"

"रंगच आहे गं. धुतला की जातो."

"मग धुवून झाल्यावर तरी तंबूत का जात नाहीस?"

तो कोपरावर राहिलेली काव नखाने खरवडत बसला.

एका शनिवारी आई मेळा बघायला आली. आई खाडीकाठच्या एका गावात वाढलेली. तिच्या लहानपणी विहिरीवर दुसऱ्या बायकांनी वरून पाणी ओतायचं आणि हिने खाली ओंजळ धरायची, हे ती आम्हाला कधी रडून सांगायची नाही. हवापाणी सांगावं तसं सांगायची. लग्न होऊन भिवंडीत आली आणि इथे स्वतःच्या हाताने नळावर घागर भरली, याचं तिला मोठं अप्रूप होतं.

तिने खेळ पाहिला. दादा पडला तेव्हा तिच्या शेजारचा माणूस म्हणाला, "मस्त मारा साले को," आणि आई नुसती बसून राहिली. खेळ संपल्यावर ती मागे आली. दादा कनातीला टेकून बसला होता, घामाने काव ओघळत होती. मी मचाणावरून उतरून तिथे पोहोचले तेव्हा ती त्याला विचारत होती, "पानी प्यालास का?"

दादाने पिंपाकडे बोट केलं. आईने पाण्यात बोट बुडवून बघितलं. पाणी गरम होतं. तिला तंबूच्या दारातून माठ दिसला. ती सरळ आत गेली. तिथे काऊबॉय बाकड्यावर बसले होते, दादाचा मित्रही होता. तो तिला बघून उठून उभा राहिला. आमच्या घरी तो शंभरदा जेवला होता. आईने माठावरचा तांब्या घेतला आणि बुडवला.

मॅनेजर धावत आला. "बाई, वो इधर का पानी है. उनका बाहर है."

"का?"

"अरे, रंग लगता है मटके को. सब खराब होता है."

आई तांब्या हातात घेऊन उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "मला कुठं रंग लागलाय?"

तो गडबडला. "आपको नहीं, लेकिन..."

"लेकिन काय?"

 मी त्याच्याकडे बघत होते. तो पुढचं वाक्य खरंच शोधत होता. मग म्हणाला, "बाई, रूल सबके लिए एक ही है. उनके घरवाले भी उधर ही पीते हैं."

झालं. आता रंगही लागत नव्हता. नुसतं त्यांच्या घरचं असणं पुरत होतं.

आईने तांब्या तोंडाला लावला, पाणी प्यायली, मग परत भरून बाहेर नेऊन दादाच्या हातात दिला. तंबूतले बाकीचे बाकड्यावरच बसून होते. दादाचा मित्र उभाच होता, हात बाजूला सोडून. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याने मान खाली घातली.

त्या दिवशी घरी आम्ही जेवायला बसलो. आप्पांना आम्ही सगळं सांगितलं होतं आणि ते ताटातलं चिवडत बसले होते. शेवटी आई दादाला म्हणाली, "मी ते गाव सोडलं. तुला परत तिथंच नेऊन बसवायला न्हाय सोडलं."

दुसऱ्या दिवशी रविवार. गर्दी इतकी की रिंगणाच्या दोरापर्यंत माणसं. खेळाच्या आधी दादा मचाणाखाली आला आणि वर बघून म्हणाला, "आज आम्ही कुणी पडणार नाही. तुझं तू बघ."

"सगळे?"

"सगळे. आगरी आधी तयार नव्हता, आता आहे."

मी माइक हातात घेतला. बैलगाडी आत आली. रोजच्या भाषणाची वेळ आली आणि मी ते केलं नाही. मी म्हटलं, "ही जमीन या लोकांची आहे. हे इथे आधीपासून राहतात. गाडीतून आलेत ते पाहुणे आहेत, आणि येताना त्यांनी कुणाला विचारलेलं नाही." मग तेच हिंदीत सांगितलं. गर्दीत जरा चुळबुळ झाली. लोकांना रोजचा खेळ पाठ होता.

दादा झाडीतून आला, फेरी मारली, गाडीसमोर घोडा उभा केला. बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंना. काऊबॉय आले. टिकल्या फुटल्या. कुणी पडलं नाही. परत टिकल्या फुटल्या. दादा घोड्यावर ताठ बसून समोर बघत होता. काऊबॉयना पुढे काय करायचं ते माहीतच नव्हतं, ते एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्यात पुढच्या रांगेतल्या कुणीतरी हात उंच करून शिट्टी मारली, मित्राचा घोडा सवयीने जागच्या जागी थांबला आणि मित्र त्याच्या मानेवरून खाली आला.

 मग लूमवाल्यांच्या बाजूने आवाज आला, "आज तो जंगली जीत गए!" आणि अख्खं मैदान उठलं. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. माझा माइक बंद पडला. मॅनेजरने जनरेटरवर जाऊन वायर काढली होती. पण आता माझ्या बोलण्याची गरजही नव्हती.

मला वाटलं होतं, तो येऊन ओरडेल. आम्ही सगळे त्या तयारीने कनातीपाशी उभे होतो. तो आला तो हसत.

"क्या आइडिया है, मॅडम. पब्लिक पागल हो गया. ऐसा करेंगे, एक दिन ये जीतेंगे, एक दिन वो. दो बार आएगा पब्लिक."

मी म्हटलं, "आणि माठ?"

"कौन सा माठ?"

तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. आदल्या दिवशी माझ्या आईला त्याने जे ऐकवलं, ते त्याच्या डोक्यातून एका रात्रीत पुसून गेलं होतं. त्याने ओरडून मला हाकलून दिलं असतं तरी मला इतका संताप आला नसता.

दादाने सांगितलं, "तंबूतला माठ. पाणी सगळ्यांनी तिथलंच प्यायचं, आणि बसायचंही तिथंच."

"अरे, इतनी सी बात?" मॅनेजरने खिशात हात घातला. "जा, बाजार से नया माठ ले आ. बड़ा वाला. तुम लोगों का अलग, एकदम ठंडा."

त्याला वाटलं प्रश्न सुटला. तो आमच्याकडून कौतुकाची वाट बघत उभा होता.

"वेगळा नको," दादा म्हणाला. "तोच."

"टेंट छोटा है, भाई. समझा कर."

दादाने डोक्याची पिसं काढून पिंपावर ठेवली. बाकीच्यांनीही काढली. लूमवरच्या पोरांपैकी एक म्हणाला, "चलो, इससे तो हमारी शिफ्ट अच्छी." आम्ही सगळे तसेच, कावेच्या अंगाने, रस्त्याने चालत शहरात आलो. येणारे-जाणारे रिक्षातून वाकून बघत होते.

डावीकडचं कुणी आमच्याबरोबर आलं नाही. दादाचा मित्र कमानीपर्यंत आला. "मी एकट्याने निघून काय फरक पडणार आहे?" असं त्याने दादाला विचारलं. दादा म्हणाला, "काही नाही," आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी दादाच्या जागी असते तर ठेवला नसता. एकट्याने काही फरक पडत नाही, हे वाक्य नेहमी ज्याला सावलीत बसायला मिळालेलं असतं त्यालाच कसं सुचतं?

खेळ बंद पडला असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने नाक्यावरून कामाला उभी असलेली पोरं उचलली, त्यांना काव फासली आणि भाषण स्वतः वाचलं. जंगली परत मरायला लागले. पुढच्या उन्हाळ्यात मेळा पुन्हा आला. आम्ही कुणी गेलो नाही, पण वारा तिकडून असला की कर्ण्यावरचे दोन-चार शब्द आमच्या घरापर्यंत यायचे. 'जंगली' हा त्यातला सगळ्यात स्पष्ट. आप्पा उठून खिडकी लावायचे, मेच्या उकाड्यात, आणि आई त्यांना थांबवायची नाही.

नंतर मेळा आला नाही. मैदानावर गोदामाचे खांब उभे राहिले. दादाने निजामपुऱ्यात लूमच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. मी शिक्षिका झाले. मित्र बँकेत लागला. दादाची आणि त्याची मैत्री टिकली, ती दादामुळे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मित्राने नव्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. जेवणं चालू होती. त्याच्या बँकेतले लोक होते, सासरचे होते. कुणीतरी दादाची ओळख विचारली आणि मित्र रंगात आला. "अरे, आम्ही दोघं मेळ्यात होतो. मी काऊबॉय, हा रेड इंडियन." मग त्याने सगळं सांगितलं. सलूनमधले चाचा, शरीफभाई, हात बघून थांबणारे घोडे. रविवारचा खेळही सांगितला. "ही पोरं पडेनात. मग मीच विचार केला, आपण यांना साथ द्यायची. दिलं झोकून घोड्यावरून. मुद्दाम पडलो." सगळे हसले. दादाही हसला.

मी वाट बघत होते. पण गोष्ट तिथेच संपली. लोक परत श्रीखंडाकडे वळले.

मी विचारलं, "ही पोरं पडेनात, पण का पडेनात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "का म्हणजे? गंमत म्हणून. तूच तर भाषण बदललंस."

"आदल्या दिवशी आई आली होती. तंबूत काय झालं?"

 त्याची बायको वाढत होती, ती पळी हातात घेऊन थांबली. "काय झालं होतं?" तिने त्याला विचारलं, मला नाही.

"काही नाही गं. पाण्यावरून काहीतरी झालं होतं. मॅनेजरने वेगळं पाणी ठेवलं होतं यांना, रंगामुळे."

"आईंना कुठे रंग होता?" ती म्हणाली. ती माझ्या आईला ओळखत होती. तिला हा प्रश्न कुणी सांगितला नव्हता, तिचा तिलाच पडला.

मित्राने ताटात बघितलं. "मला वाटलं, तुम्हाला चालतंय," तो दादाला म्हणाला.

"विचारलंस?" मी म्हटलं.

"नाही."

बँकेतल्या कुणीतरी उकाड्याचा विषय काढला आणि पंखा वाढवायला उठला. जेवणं उरकली. निघताना त्याच्या बायकोने आईसाठी डब्यात पुरणपोळ्या घालून दिल्या आणि माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

जिना उतरताना दादा माझ्यावर चिडला. "घर भरलेलं असताना, त्याच्या वास्तुशांतीला, हेच सापडलं तुला?"

"मग कधी विचारायचं होतं? इतकी वर्षं तू विचारलंस?"

"तो वाईट नाही."

"मी वाईट म्हटलंच नाही. तो अर्धी गोष्ट सांगतो आणि त्या अर्ध्यात तोच चांगला दिसतो, एवढंच म्हणते."

दादा रिक्षाला हात करायला पुढे गेला.  घरापाशी उतरल्यावर तो म्हणाला, "मला त्या पाण्याची चव अजून आठवते. प्लास्टिकची." मग डबा माझ्या हातात देऊन दुकान उघडायला निघून गेला.

मित्र त्यानंतर माझ्यासमोर ती गोष्ट कधी सांगत नाही. मी नसताना सांगत असणार, कारण चाचांचा आणि घोड्यांचा भाग त्याला फार छान जमतो. माठाशी येऊन तो काय करतो, हे त्याच्या बायकोला विचारायला हवं.